दोन शुभंकरांना लियाँच्या परिषदेला पाठवण्यासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

एप्रिल 2026 मध्ये फ्रान्समधील लियाँ येथे अल्झायमर्स डिसीज इंटरनॅशनल या स्मृतिभ्रंशावर काम करणाऱ्या संघटनेची जागतिक परिषद भरते आहे. आपल्या गटातल्या दोन शुभंकरांना, म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या घरच्या माणसाची काळजी घेणाऱ्या दोघींना, तिथे पाठवायचं कार्यकारिणीने एकमताने ठरवलं आहे.

"डॉक्टर जातातच की, घरच्यांचं तिथे काय काम?" असं काहींनी विचारलं. 1984 साली उभ्या राहिलेल्या या संघटनेच्या 2004 च्या क्योटो परिषदेत स्मृतिभ्रंश झालेली माणसं स्वतः व्यासपीठावरून बोलली होती. जगभरात साडेपाच कोटींहून अधिक शुभार्थी, म्हणजे हा आजार झालेली माणसं, आहेत आणि या आजाराच्या एकूण खर्चातला जवळजवळ निम्मा वाटा घरच्यांच्या बिनपगारी सेवेचा धरला जातो. मग शुभंकरांनी बोलायचं नाही तर कुणी? दिवेलागणीला "मला घरी जायचंय" म्हणत स्वतःच्याच घराचं दार ओढणाऱ्या आईशी आपल्या ताई वाद घालत नाहीत. पर्स तिच्या हातात देतात, बाहेर एक फेरी मारून आणतात, आई शांत होते. हे जगाला सांगण्याजोगं आहे.

गट उभा आहे तो तुमच्या जोरावर. घराचा हॉल बैठकांना कायमचा खुला करून देणारे काका. बटणं, चेन, नाड्या शिवून अस्वस्थ हातांना चाळा देणाऱ्या कापडी पट्ट्या करणाऱ्या काकू, यजमान गेल्यावरही ज्यांचं शिवणकाम थांबलं नाही. पहिल्या पगारातून माहितीपुस्तिका छापून देणारी आजोबांची लाडकी नात. नावं छापू नका असं सर्वांनी बजावलंय, पण तुम्ही त्यांना ओळखताच.

मागच्या आवाहनाला मात्र "छान उपक्रम" असे निरोप पुष्कळ आले, पावत्या मोजक्याच फाटल्या. वाईट वाटलं, ते लपवत नाही.

तपशील: नोंदणी, विमानप्रवास, राहणं, शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) व त्यासाठी लागणारा किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा, हे सगळं शिलकीबाहेरचं आहे. व्हिसासाठी भेटीची वेळ मिळायला उशीर लागतो, म्हणून रक्कम महिनाअखेरपर्यंत नेहमीच्या खात्यात भरावी, 'परिषद' असा उल्लेख करावा. रोख नको, पावती खजिनदार देतील. दोघी बाहेर असताना शुभार्थींजवळ थांबायला माणसं हवीत, रात्रपाळ्या अजून रिकाम्या आहेत. पैसे जमत नसतील त्यांनी एक रात्र द्यावी. मात्र आधी दोन-तीनदा त्यांच्या घरी येऊन ओळख करून घ्या, अनोळखी चेहरा दिसला की शुभार्थी बिथरतात.

आपली,
सचिव