बॅकस म्हणजे तळीराम नव्हे!

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत बॅकसला, म्हणजे रोमनांच्या मद्याच्या देवाला, अख्खे पान दिलेत, त्याबद्दल आधी आभार. मराठी वृत्तपत्रात लॅटिन कवितेला एवढी जागा रोज मिळत नाही. पण त्या पानावर पिंपावर बसलेला, पोट सुटलेला, डोळे तारवटलेला जो गृहस्थ छापलात आणि लेखकमहाशयांनी ज्याला 'रोमन कवींचा लाडका बेवडा' म्हटले, त्याला त्या कवींनी ओळखही दिली नसती.

ऑव्हिडचा बॅकस हा कधीच म्हातारा न होणारा पोरगा आहे. टिबुलस तर सांगतो की अक्षय तारुण्य दोघांनाच, बॅकसला आणि अपोलोला. पोटवाला, टकल्या म्हातारा म्हणजे सायलेनस, बॅकसच्या मिरवणुकीतला. गाढवावरून पडतो तो हाच. मधाच्या आशेने झाडाच्या ढोलीशी गेल्यावर गांधीलमाश्या डसतात त्याही याच्याच टकलाला. देव आधी हसून घेतो, मग चिखल लावायला सांगतो. आता या दोघांत फरक करायचा की नाही?

लेखकांनी पुरावा म्हणून ऑव्हिडच्याच 'मेटामॉर्फोसिस' या काव्याच्या तिसऱ्या सर्गातला झिंगलेला मुलगा दिला आहे. दिला, पण अर्धाच! खलाशांना किनाऱ्यावर तो सापडतो तेव्हा दारूने आणि झोपेने लडखडतोय असे दिसते, हे खरे. नॅक्सॉसला सोडा म्हणतो. हे लबाड जहाज भलतीकडे वळवतात. मग भर समुद्रात जहाज जागच्या जागी थबकते, वल्ह्यांना वेली वेढे घालतात, भोवती वाघ आणि बिबळ्यांचे भास पहुडतात आणि खलाशी उड्या टाकून डॉल्फिन होतात. वीसपैकी उरतो एकटा सुकाणूवाला, कारण हा देव आहे हे त्याला आधीच उमगलेले असते. बाकीचे लडखडणे बघूनच फसले. लेखकही तिथेच फसलेले दिसतात.

या कवींवरचा 'दारूचे गोडवे' गाण्याचा आरोपही तसलाच. होरेस द्राक्षवेल लावा म्हणतो आणि त्याच कवितेत अती प्याल तर सेंटॉरांची (अर्धे माणूस, अर्धे घोडे) मारामारी आठवा असे बजावतो. व्हर्जिलही तेच सेंटॉर काढून बॅकसला दोष देतो. आणि होरेसने या देवाला कुठे पाहिले? गुत्त्यात नव्हे, दूरच्या निर्जन कड्यांवर, अप्सरांना गाणी शिकवताना!

माझा राग जुना आहे. आमच्या नाशकात द्राक्षांच्या हंगामात एका कार्यक्रमात मला याच विषयावर बोलायला बोलावले होते. मंचामागच्या फ्लेक्सवर हाच पिंपावरचा लठ्ठ. आयोजकांना म्हटले, अहो, हा तो नव्हे. तर म्हणाले, "सर, लोकांना असाच कळतो." सूत्रसंचालकाने माझी ओळख 'तळीरामांच्या देवाचे अभ्यासक' अशी करून दिली. सभागृह जे हसत सुटले ते मी व्हर्जिलच्या बोकडावर बोलत असतानाही हसतच होते. (बोकड द्राक्षवेली कुरतडतो म्हणून बॅकसच्या वेदीवर त्याचा बळी जातो. निदान बागायतदारांना तरी हे पटायला हरकत नव्हती.) फ्लेक्स शेवटपर्यंत तसाच. निघताना आठवण म्हणून त्याच चित्राचा मग हातात दिला.

तेव्हा पुढच्या रविवारी दुरुस्ती छापावी. चित्र बदलणे जमत नसेल तर त्याखाली 'सायलेनस' एवढे तरी लिहा. आणि एकाच लेखात कवीचे नाव ऑव्हिड, ओविद आणि ओव्हिड असे तीन तऱ्हांनी येते, तेव्हा मुद्रितशोधक सुट्टीवर होते का?

आपला,
एक जुना वाचक, नाशिक

ता. क. : माझ्या मागच्या पत्रातला मधला परिच्छेद गाळून तुम्ही त्याचा अर्थच उलटा केला होता. या वेळी जागा कमी पडली तर बोकड कापा, खलाशांना हात लावू नका.