कडा न कापल्याबद्दल

बाइंडरकाका,
स. न. वि. वि.

आभार मानायचे तर दुकानात येऊनही मानता आले असते. पण तेव्हा मी तुमच्याशी चार गिऱ्हाइकांसमोर हुज्जत घातली होती, म्हणून आता कबुलीही चारचौघांतच देते. तुमचं नाव मात्र लिहीत नाही. तुम्हाला ते आवडायचं नाही.

तारीख २ ऑगस्ट २०१६. गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती कुठवर बुडाली यावर पुराचं माप काढणारे आम्ही नाशिककर. त्या दिवशी माप काढायला घाटाकडे जावंच लागलं नाही, गोदामाईच सराफ बाजारात आली. आमच्या तळमजल्यावर गुडघाभर पाणी. फ्रिज, गाद्या, गव्हाची कोठी वाचवताना फडताळाचा खालचा कप्पा कोणाच्या लक्षातच आला नाही. तिथे आजीचा महाराष्ट्र शब्दकोश होता. दाते-कर्व्यांनी १९३२ ते १९३८ या काळात सात भागांत काढलेला. वरच्या कप्प्यातले तीन भाग कोरडे राहिले, खालचे चार फुगून उशीएवढे झाले.

रद्दीवाला म्हणाला, ओल्याला भाव नाही. एका बाइंडरने (तुम्ही नव्हे) पुस्तक हातातही न घेता "टाकून द्या" सांगितलं. शेजारचे आजोबा सार्वजनिक वाचनालयाचे जुने सभासद. १८४० साली सुरू झालेल्या त्या वाचनालयात आपणच पहिली पावती फाडली असावी अशा थाटात ते बोलतात. त्यांनी तुमचा पत्ता दिला.

तुम्ही पहिली गोष्ट केली ती मला ओरडण्याची. मी चारही भाग गच्चीवर उन्हात ठेवले होते. "उन्हात पापड वाळवतात ताई, पुस्तकं नाही." मग पाना-पानांत जुनी वर्तमानपत्रं, सावली आणि पंखा. कागद दर थोड्या वेळाने बदलायचे. त्या आठवड्यात आख्ख्या वाड्याने आम्हाला आपली रद्दी दिली. समोरच्या काकू तर आदल्या दिवशीचं कोडं सोडवायचं राहिलंय म्हणून तेवढं पान परत घेऊन गेल्या. चिखल ओला असताना पुसू नका, वाळला की मऊ ब्रशने झटका, हेही तुम्हीच सांगितलं. पुढे तुम्ही एकेक फर्मा, म्हणजे दुमडलेल्या पानांची जुडी, सोडवलात, पुन्हा दोऱ्याने शिवून जुजबंदी केलीत, खळीत मोरचूद घातलात आणि कण्याला नवं कापड लावलंत. वर वेखंडाच्या चार पुरचुंड्या दिल्यात, कसर लागू नये म्हणून.

पुस्तकं न्यायला आले तेव्हा मी काय पाहिलं? तर कडा. तिन्ही बाजूंनी वर-खाली, करवतीच्या दात्यांसारख्या. "कटिंग का नाही केलं?" तुम्ही म्हणालात, "राहू द्या ना, त्यात..." आणि मी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. कटिंगच नाही तर पूर्ण पैसे कसले, असं म्हणून भागामागे पन्नास रुपये कापून घेतले. कडा तुम्ही कापल्या नाहीत, पैसे मी कापले. तुम्ही नोटा मोजल्यासुद्धा नाहीत.

मग ते चारही भाग कपाटात गेले आणि तिथेच राहिले. शब्द अडला की मीही फोनच काढते, खोटं कशाला बोलू.

यंदा २७ फेब्रुवारीला, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, भाचीला शाळेत 'आमच्या घरातले शब्द' म्हणून दहा शब्द न्यायचे होते. मला आठवेनात. म्हणून आजीचा कोश काढला. ध उघडला आणि पानाच्या अगदी टोकाला, जिथे कटिंगचं पातं पहिलं बसलं असतं तिथे, शिसपेन्सिलीने लिहिलेलं दिसलं: "धप्पा. लपाछपीतला नव्हे. रंगपंचमीला रहाडीत मारतात ती उडी. तिवंध्यावर पाहिली." रहाड म्हणजे जुन्या नाशकातला रंगपंचमीचा रंगाचा हौद, तिवंधा तिथलाच चौक.

आजी कोशात लिहायची हे मला ठाऊक होतं, पण इतकं असेल असं वाटलं नव्हतं. कोशाचा मजकूर दाटीवाटीचा, जागा उरते ती कडेलाच. बुधवारच्या बाजारात, मे महिन्यात गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेत, जिथे शब्द कानावर पडेल तिथून ती तो घरी आणायची. "आंडोर – मुलगा. सटाण्याची कांदेवाली." त्याखाली तारीख नाही, पण "कांदे महाग" आहे. एके ठिकाणी नुसतंच "हा अर्थ चूक वाटतो" आणि त्यापुढे मोठं प्रश्नचिन्ह. दाते-कर्व्यांशी वाद घालणारी माझी आजी! शाईने लिहिलं असतं तर पुरात गेलं असतं. पेन्सिलीचं राहिलं आणि तुम्ही पातं लावलं नाहीत म्हणून पुन्हा राहिलं. निम्म्याहून जास्त टिपणं कडेपासून बोटभराच्या आत आहेत.

शेवटच्या कोऱ्या पानाला तुमची चिठ्ठी डकवलेली होती, कामाच्या खुणेची. "शब्दकोशवाल्या ताई. ४ पुस्तकं. जुजबंदी. कटिंग नाही, कडेला हाताचं लिहिलेलं." एवढंच तेव्हा सांगितलं असतंत तर? सांगत होतातच म्हणा.

भाचीने दहाऐवजी चौदा शब्द नेले. बाईंनी 'रहाड' फळ्यावर लिहिला आणि जुन्या नाशकात राहणारी दोन मुलं उभी राहून ती कशी उघडतात, वरच्या लाकडी फळ्या कशा काढतात, हे सांगत बसली. तास संपला तरी थांबेनात.

येत्या बुधवारी बाजार करून तुमच्याकडे येते. भागामागे पन्नास, चार भागांचे दोनशे रुपये आणते, ते घ्याल. शिवाय वरच्या कप्प्यातले तीन भाग आणते. ते भिजले नाहीत, पण कणे सुटलेत. कटिंग करायचं नाही.

तुमची,
शब्दकोशवाली ताई