शेजार-निधीसाठी आवाहन (दुसरे, आणि जरा कळकळीचे)

सप्रेम नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरात पाठवलेलं पहिलं आवाहन आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलं होतं. व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा दिसतात, म्हणून माहीत आहे. उत्तरं मात्र बोटांवर मोजण्याइतकी आली. त्याच सुमारास दिवाळीच्या नाटकाची तिकिटं हातोहात संपली आणि वेटिंग लिस्टवरून भांडणंही झाली. हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण परवाच्या कार्यकारिणीत विषय निघालाच, तेव्हा लिहून टाकते आणि पुढे जाते.

विषय तोच आहे. इथे शिकागो भागात आपली रविवारची मराठी शाळा आणि गणपती ज्या चर्चच्या हॉलमध्ये होतात, त्या चर्चच्या आसपास राहणारी, स्पॅनिश बोलणारी आणि धरपकडीच्या भीतीत असलेली स्थलांतरित कुटुंबं. आपल्यातल्या कितीतरी जणांचं अंगण, छप्पर, स्वयंपाकघर याच कुटुंबांनी नीट केलेलं आहे. २०२५ च्या सप्टेंबरच्या ८ तारखेला आईसची (बेकायदा राहणाऱ्यांना पकडून देशाबाहेर काढणारं केंद्र सरकारचं खातं) 'मिडवे ब्लिट्झ' ही धरपकडीची मोहीम जाहीर झाली आणि साधारण आठवड्याने जवळच्या एल्जिनमध्ये पहाटे दार फोडून माणसं नेली. त्यात अमेरिकेचे नागरिकही होते, त्यांना नंतर सोडलं. पुढचं सगळं आपण बातम्यांत पाहिलंय. शिकागोच्या साउथ शोअर वस्तीतल्या इमारतीवर रात्री हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं, ओहेअर विमानतळाच्या पार्किंगमधून टॅक्सी-ॲपवाले ड्रायव्हर उचलले, हॅलोविनच्या सुमारास मुलांच्या मिरवणुकीआधी गल्लीत अश्रुधूर सोडला. नोव्हेंबरच्या मध्याला बॉर्डर पेट्रोलची मोठी तुकडी शार्लटला (नॉर्थ कॅरोलिना) गेली तेव्हा आपण सुस्कारा सोडला. पण आईसचं काम काही थांबलेलं नाही. २०२६ च्या जानेवारीत मिनियापोलिसमध्ये काय झालं तेही पाहिलं. केंद्राच्या अधिकाऱ्यांच्या गोळ्यांनी दोन जीव गेले, दोघंही नागरिक. एका सभासदाने मला फोनवर विचारलं, "आता तर सगळं शांत आहे ना?" शांत आहे, कारण माणसं घराबाहेरच पडत नाहीत.

चर्चच्या बायकांनी जी यादी केली आहे तिच्यात सध्या तीसेक कुटुंबं आहेत. कोणाचा नवरा नेला आहे, कोणी स्वतःहून कामावर जाणं सोडलं आहे. हिवाळ्यात बागकाम तसंही बंद, बर्फ काढायच्या कामावर जायचं तर पहाटे ट्रकमध्ये बसायचं आणि ट्रकच आधी अडवतात. भाडं थांबत नाही. नोव्हेंबरात केंद्र सरकारचं कामकाज बंद होतं (शटडाउन) तेव्हा फूड स्टॅम्पही (अन्नासाठीची सरकारी मदत) अडकले होते, तेव्हापासून फुकट शिधा देणाऱ्या फूड पँट्रीवर जो ताण आला तो अजून उतरलेला नाही, आणि पँट्रीच्या रांगेत उभं राहायलाही लोक घाबरतात. म्हणून शिधा घरी पोचवावा लागतो.

ज्यांना नेलं त्यांची गोष्ट आणखी अवघड. आपल्या इलिनॉय राज्यात २०२१ च्या कायद्याने काउंटीच्या तुरुंगात आईसचे कैदी ठेवता येत नाहीत. कायदा चांगला आहे, पण परिणाम असा की ब्रॉडव्ह्यू इथल्या आईसच्या केंद्रातून माणूस इंडियाना, विस्कॉन्सिन, मिशिगन, कधी थेट टेक्सासला जातो आणि बायकोला दोन दिवस पत्ता लागत नाही. ब्रॉडव्ह्यूचं केंद्र मुळात काही तासांपुरतं होतं. तिथे झोपायला जागा आणि स्वच्छ पाणी द्या असं सांगायला नोव्हेंबरात फेडरल न्यायाधीशाला आदेश काढावा लागला. इमिग्रेशन कोर्टात सरकारी खर्चाने वकील मिळत नाही, आपला आपण करायचा. जामिनाची सुनावणीच अनेकांना नाकारतात, आणि जामीन मिळाला तर कायद्याने कमीत कमी १,५०० डॉलर, प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट, आणि बहुधा पूर्ण रक्कम एकदम भरावी लागते. हे आकडे ज्यांनी भाचीच्या लग्नाच्या हॉलचं डिपॉझिट भरलंय त्यांना फार वाटणार नाहीत. तिकडे मात्र ते कित्येक महिन्यांचं भाडं आहे.

आता जुनं थोडं लिहू द्या, कारण नवीन सभासदांना माहीत नसतं आणि जुन्यांना विसर पडला आहे.

हे मंडळ म्हणजे एका बेसमेंटमध्ये दहा-बारा घरांनी आणलेला गणपती. १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मंडळाकडे बँक खातंसुद्धा धड नव्हतं. आपल्या पहिल्या अध्यक्षांनी (आता ते फ्लॉरिडाला असतात, पण वर्गणी दर वर्षी न चुकता येते) भारतीय दुकानांच्या डेवन ॲव्हेन्यूवर दुकानादुकानांत डबा फिरवला. वहिनींनी थंडीत पार्किंग लॉटमध्ये बटाटेवडे तळले. ते वडे खाल्लेली मुलं आज आपल्या कार्यकारिणीत आहेत. २००५ च्या जुलैत मुंबई बुडाली, तेव्हा ऑरोराच्या डॉक्टर दांपत्याने एका फोनवर जेवढी रक्कम लागेल तेवढी लिहा म्हणून कोरा चेक दिला. २०१९ ला सांगली-कोल्हापूरच्या पुराच्या वेळी शाळेतल्या तिसरीच्या वर्गाने लिंबू सरबत विकलं आणि शिरोळकडच्या एका शाळेला दप्तरं पाठवली. कोविडच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पाठवायचे होते, तेव्हा आपल्या खजिनदारांनी स्वतःच्या क्रेडिट कार्डावर पैसे भरून टाकले आणि नंतर हळूहळू परत घेतले, पूर्ण घेतले की नाही ते अजून सांगत नाहीत. एल्जिनच्या ज्या काकूंच्या पुरणपोळ्यांवर आपला पाडवा चालतो, त्यांनी कोविडात रोज वीस डबे केले, एक पैसा न घेता. अशा माणसांचं हे मंडळ आहे. कोणाचंही नाव इथे लिहीत नाही. एरवी त्यांनी ओळखूनही घेतलं असतं, पण सध्याच्या दिवसांत हे पत्र कोणाकोणाकडे फॉरवर्ड होईल सांगता येत नाही.

आणि शेजाऱ्यांचं काय? आपली जुनी भाड्याची जागा गेली त्या वर्षी गणपती आठ दिवसांवर आला होता. चर्चच्या समितीने एका बैठकीत हॉल दिला, भाडं फक्त विजेपुरतं. मूर्ती आत कशी न्यायची हा प्रश्न होता, कारण दाराची पायरी उंच. शेजारच्या घरातला छपराचं काम करणारा माणूस फळ्या आणि दोन पोरं घेऊन आला, दहा मिनिटांत उतार तयार. ढोल-ताशाचा सराव पार्किंगमध्ये चालतो, एकदाही कोणी पोलिसांना फोन केला नाही. त्यांच्याकडे लग्नात बँड असतो, त्यामुळे त्यांना आपला आवाज कमीच वाटत असावा. पुरणपोळीला आपले तवे पुरेनात तेव्हा त्यांच्या बायकांनी त्यांचे मोठे कोमाल (सपाट तवे) आणून दिले. काकू आता त्यांच्याशिवाय पोळी भाजत नाहीत. २०१९ च्या जानेवारीत पारा उणे तीस सेल्सियसच्या खाली गेला, तेव्हा चर्चसमोरच्या अपार्टमेंटमधल्या आपल्या दोन ज्येष्ठांच्या घरची पाइपलाइन गोठली होती. मुलगा कॅलिफोर्नियात, प्लंबर फोन उचलत नव्हते. कोण गेलं होतं ते त्या दोघांना विचारा. तो माणूस गेल्या ऑक्टोबरपासून घरात नाही.

ग्रुपवर जी चर्चा झाली तिचं उत्तर द्यायचं टाळत होते, पण देते. "आपण रांगेत उभे राहून आलो, कागद करून आलो, आपला काय संबंध?" रांगेत उभे राहिलो हे खरं आहे. काही जण अजून उभे आहेत, ग्रीन कार्ड येईपर्यंत मुलं एकवीस वर्षांची होऊन रांगेतून बाहेर पडतात. पण ही रांग १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने सुरू झाली, त्याआधी आपल्यासाठी दारच जवळपास बंद होतं. कायदा बदलला तेव्हा आपले ज्येष्ठ आले. कायदे दोन्ही बाजूंनी बदलतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदी अचानक रद्द झाल्या, त्यात आपली मुलंही होती. कोर्टात गेल्यावर त्या परत आल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात नव्या एच-१बी नोकरी-व्हिसासाठी १ लाख डॉलरची फी आली, तेव्हा सुट्टीला पुण्याला गेलेले आपले लोक रात्रीतून विमानतळावर पळाले होते, तो ग्रुप अजून माझ्या फोनमध्ये आहे. फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला उतरलेल्या अमेरिकन लष्करी विमानात देशाबाहेर काढलेले १०४ जण होते, अनेकांना हातकड्या घातलेल्या, आणि त्यातले तिघे महाराष्ट्रातले. म्हणजे संबंध आहे. आणि नसता तरी ज्याच्या फळ्यांवरून बाप्पा आत आला त्याच्या मुलांच्या जेवणाला कागद विचारायचे, हे मला जमणार नाही.

आपल्या जुन्या सभासदांना शिकागोचे महापौर हॅरॉल्ड वॉशिंग्टन आठवत असतील. त्यांनी १९८५ साली आदेश काढला की शहराच्या कर्मचाऱ्यांनी कोणाला नागरिकत्व विचारायचं नाही. २०२५ च्या डिसेंबरात राज्याने कोर्टाच्या आवारात अशी धरपकड होऊ नये म्हणून कायदा केला. या भागाची ही रीत जुनी आहे, आपण नवीन काही करत नाही. शिकागोच्या लिटिल व्हिलेज या मेक्सिकन वस्तीत लोकांनी शिट्ट्या वाटल्या: आईसची गाडी दिसली तर तुटक तुटक वाजवायची, कोणाला धरलं तर सलग. सायकलवाले रस्त्यावर तमाले (मक्याच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ) विकणाऱ्या बाईचा सगळा माल एकदम विकत घेऊन तिला घरी पाठवतात आणि माल गरजूंना वाटतात. शाळा सुटताना आईबाप कोपऱ्याकोपऱ्यावर उभे राहतात. आपल्या मुलांच्या शाळेच्या कोपऱ्यावर एका गोऱ्या आजींना मी दर बुधवारी बघते, बर्फातही.

काही जणांनी खूप केलं, तेही सांगायला हवं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला महिला समितीने ठरवलं की या वर्षी डबे-वाट्या लुटायच्या नाहीत, वाण म्हणून तांदूळ, तेल, डायपर द्यायचे. हॉलचा एक कोपरा भरला. पहिल्याच फेरीत कोणीतरी पाच किलो तूरडाळ आणि गोडा मसाला दिला, तिकडच्या बायकांनी हसत हसत घेतला आणि आमटी कशी करायची ते विचारलं. आता त्यांच्याकडूनच यादी घेतली आहे. नेपरव्हिलच्या हायस्कूलमधल्या आपल्या चार मुली स्पॅनिश बोलतात, त्या फोन करतात. शाळेतल्या स्पॅनिशचा इतका उपयोग होईल असं त्यांच्या आयांना वाटलं नव्हतं. एका आजोबांनी, ज्यांचं स्वतःचं पेन्शन बेताचं आहे, पाकिटात पाचशे डॉलर घालून माझ्या गाडीच्या वायपरखाली ठेवले, चिठ्ठीत फक्त "पाइपसाठी".

आता व्यवहाराचं. एका कुटुंबाचा आठवड्याचा शिधा साधारण ८० डॉलर. मार्चअखेरपर्यंत तीस कुटुंबांचा खर्च आणि चार घरांचं एका महिन्याचं भाडं एवढं निदान जमायला हवं, वर आलं तर वकिलांची फी आणि जामीन. झेलने (बँकेतून पैसे पाठवायची सोय) मंडळाच्या नेहमीच्या ईमेलवर पाठवा, मेमोत फक्त "शेजार" लिहा, कुटुंबाचं किंवा व्यक्तीचं नाव अजिबात लिहू नका. चेक चालेल, रोख फक्त खजिनदारांकडे, पावती घ्या. मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे नोंदलेली धर्मादाय संस्था आहे, करसवलत मिळते, ऑफिसात मॅचिंग (देणगीत कंपनीची भर) असेल तर अर्ज करा, फॉर्म मी भरून देते. शिधा: तांदूळ, काळे घेवडे, मक्याचं पीठ ('मासा' नावाचं मिळतं ते, कॉर्नस्टार्च नव्हे), तेल, साखर, बाळाचं दूध, डायपर ४ आणि ५ नंबर, शनिवारी १० ते १ हॉलच्या मागच्या दाराने. जुने कपडे नकोत, कृपया. जागा नाही. गाडीवाले हवेत, शनिवार दुपार आणि मंगळवार संध्याकाळ, एका वेळी दोन-तीन घरं. स्पॅनिश येणारे हवेत. मुलांसाठी तात्पुरता पालक नेमायचा फॉर्म भरून देतो, तो आपल्या राज्यात ३६५ दिवसांपर्यंत चालतो आणि दोन साक्षीदार लागतात, तर रविवारी शाळेनंतर अर्धा तास थांबू शकणारे प्रौढ हवेत. इमिग्रेशनचं काम करणारे वकील कोणाच्या ओळखीत असतील तर मला खासगीत कळवा, ग्रुपवर नको.

आणखी एक, नीट वाचा. ज्यांचा व्हिसा आहे, ग्रीन कार्ड आहे, त्यांनी पॅकिंग आणि फोनचं काम घ्यावं. रस्त्यावर उभं राहणं, व्हिडिओ काढणं नागरिकांनी करावं, तेही लांबून. कोणीही अधिकाऱ्याच्या मध्ये जायचं नाही, अंगाला हात लावायचा नाही. मूळ ग्रीन कार्ड, किंवा आय-९४ ची (देशात आल्याची नोंद) छापील प्रत स्वतःजवळ ठेवा, अठरा वर्षांवरच्यांना कागद जवळ बाळगण्याचा नियम आहे. दारावर कोणी आलं तर न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट आहे का ते दार न उघडता विचारा. आईसच्या अधिकाऱ्याच्या सहीचा कागद म्हणजे ते वॉरंट नव्हे, मात्र यावरही आता वाद चालू आहेत, म्हणून वकिलाचा नंबर हाताशी असू द्या. भारतातून आलेल्या आईबाबांना हे मराठीत समजावून सांगा, ते सवयीने दार उघडून चहा विचारतात.

२८ फेब्रुवारीपर्यंत निधी आला तर मार्चच्या भाड्याला उपयोगी पडेल. पाडव्याच्या कार्यक्रमात, २१ मार्चला, हिशेब मांडू, सेंटपर्यंत. त्या दिवशी जेवणाचं कूपन २ डॉलरनी वाढवलं आहे ते याचसाठी. त्यावरून मला फोन करू नका.

आपली,
कार्यवाह

ता.क. गणपतीतली दोन मोठी पातेली आणि लांब दांड्याचा झारा कोणाकडे तरी राहिला आहे. शनिवारी पन्नास जणांचं सूप करायचं आहे. ज्यांच्या गराजमध्ये असेल त्यांनी शुक्रवारी रात्रीपर्यंत आणून द्यावा, कोणाकडे होता असं कोणी विचारणार नाही.