हळद, शिसं आणि माझ्या हाताखालची पोरं

रॅले, नॉर्थ कॅरोलिना

तीर्थरूप अण्णांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर तुम्ही विचारलंत, "पीएचडी झाली, आता आणि काय शिकतीस?" वर बांगलादेशातल्या हळदीत शिसं सापडल्याचं ऐकून तुमचा पारा चढलेला, तुमचा धंदाच हळदीचा. "तुम्ही शास्त्रज्ञ लोक हळदीची बदनामी करता" म्हणालात. म्हणून सविस्तर लिहिते.

मी पीएचडीनंतरची पोस्टडॉक करते, म्हणजे धड विद्यार्थी नाही, धड मास्तर नाही. स्वतःचं संशोधन करायचं आणि नवी पोरं हाताखाली घेऊन तयार करायची. माझ्याकडं आली की आधी नुसतं धुणं. आम्ही शिसं मोजतो, आणि ते धुळीतसुद्धा असतं, म्हणून बाटल्या नायट्रिक ॲसिडमध्ये रात्रभर बुडवायच्या, शुद्ध पाण्यानं खंगाळायच्या. नमुन्यांबरोबर दर खेपेला एक कोरा नमुनाही, म्हणजे ज्यात तपासायचं काहीच घातलेलं नाही असा, शिसं मोजायच्या यंत्रात घालायचा. त्यात शिसं दिसलं तर त्या दिवसाच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा नाही. पोरं वैतागतात, पीएचडीला येऊन भांडी घासतोय म्हणतात. घासू देत. यंत्र कुणालाही चालवता येतं.

मग त्यांना तोच बांगलादेशचा अभ्यास वाचायला देते. त्यात पुढाकार स्टॅनफर्डच्या एका पीएचडीच्या विद्यार्थिनीचा होता. तिथं खेड्यांतल्या गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडत होतं. संशय शेतीच्या औषधांवर होता, डब्यांच्या सांध्यांना दिलेल्या शिशाच्या डागावर होता, हळदीवरही होता. शिशाचेही प्रकार असतात, आयसोटोप म्हणतात. त्यांचं प्रमाण ताडून बघितलं तर रक्तातलं शिसं हळदीतल्या शिशाशी जुळलं. पण ते हळदीत आलं कसं, हे यंत्र सांगत नाही. त्यासाठी ही मंडळी व्यापाऱ्यांशी, पॉलिश करणाऱ्यांशी बोलत बसली. तेव्हा कळलं, १९८० च्या दशकात मोठा पूर आला, हळद भिजून निस्तेज झाली, आणि पॉलिश करताना लेड क्रोमेट हा पिवळाधमक रंग चोळायची सवय लागली. २००५ ला आपल्या सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांत, पुराचं पाणी शिरलं होतं, तेव्हा भिजलेल्या मालाचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता बदनामीचं. निष्कर्ष २०१९ ला छापून आले, सरकारनं बाजारात तपासणी लावली, व्यापाऱ्यांना समजावलं. त्या वर्षी बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं होतं, २०२१ मध्ये शून्य. हळद तीच, रंग गेला. यात हळदीचं नाव खराब झालं की राखलं गेलं, तुम्हीच सांगा.

आमच्यातल्या एका मुलीला मसाल्यांवर काम करायचंय. तिला म्हटलं, आधी माझ्या वडिलांच्या गाळ्यावर आठवडाभर बस. तुम्ही हळकुंड मोडता, मोडल्याचा आवाज ऐकता, मग गाभा बघता, हे सांगितल्यावर तिनं लगेच वहीत लिहून घेतलं. वरून चोळलेला रंग सालीवर बसतो, म्हणून गाभा बघणं बरोबरच. मात्र पूड झाली की तुमच्या नजरेचाही इलाज चालत नाही, तिथं यंत्रच लागतं. मुलांच्या मेंदूवर परिणाम करायला फार शिसं लागत नाही. सुरक्षित म्हणावी अशी पातळीच नाही. इथं १०० मिलिलिटर रक्तात ३.५ मायक्रोग्रॅम दिसलं की मुलाकडं लक्ष द्यायला सांगतात. त्याच्या खाली धोका नाही असा त्याचा अर्थ नाही, हे पोरांना दर वर्षी नव्यानं सांगावं लागतं.

साहिलला इकडं शिकायला यायचंय, त्याच्यासाठी एक. पर्यावरण आणि आरोग्याची इथली सरकारी संस्था आमच्या जवळच आहे, १९६६ पासूनची. ती पीएचडी आणि पोस्टडॉकवाल्यांच्या प्रशिक्षणासाठी विद्यापीठांना पैसे देते, पण ते फक्त इथले नागरिक नि ग्रीनकार्डवाल्यांना. माझा पगार प्रोफेसरांच्या प्रकल्पातून निघतो. त्याचाही बहुधा तसाच निघेल. म्हणून त्यानं कर्ज काढून एमएसला येऊ नये. सरळ पीएचडीला अर्ज करावा, त्यात फी बहुतेक विद्यापीठच भरतं, वर खर्चाला पैसे देतं. केमिस्ट्री सोडू नको म्हणावं, आणि स्टॅटिस्टिक्सचा कंटाळा करू नको. मार्कशिटा मला पाठव म्हणावं. त्या परदेशी पाठवणाऱ्या एजंटला दमडी देऊ नका.

आईला नमस्कार. तिच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला का ते कळवा.

तुमची,
मनीषा