मधल्या टेबलाला नाव दे

पुणे,
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय मंद्या,

तुझा फोटो मिळाला. लॅपटॉपच्या स्क्रीनचा फोटो मोबाईलने काढायचा, तोही तिरका, ही तुझी खोड काही जात नाही. पण एरर वाचता आली. जँगो (तुझी सूची ज्यावर उभी आहे ती पायथनमधली वेब चौकट) म्हणतोय की या फील्डला असं मागाहून ‘थ्रू’ (मधलं टेबल मी देतो तेच वापर, ही सूचना) लावता येणार नाही. आणि खाली तू विचारलंयस, ‘महिना फुकट गेला का?’ नाही गेला. फोनवर सांगितलं असतं तर तू ‘हो हो’ म्हणाला असतास आणि रात्री परत तेच केलं असतंस, म्हणून सवडीने लिहितोय.

आधी तू काय केलंयस ते बघू. वाचनालयातल्या दिवाळी अंकांची सूची करायची, म्हणून दोन मॉडेल्स (एक मॉडेल म्हणजे डेटाबेसमधलं एक टेबल) केलीस: अंक आणि लेखक. एका अंकात अनेक लेखक, एक लेखक अनेक अंकांत, म्हणून अंकावर मेनी टू मेनी फील्ड टाकून मोकळा झालास. मीही तेच केलं असतं. जँगोने तुझ्या मागे गुपचूप तिसरं टेबल तयार केलं. त्यात रकाने तीनच: ओळीचा स्वतःचा आयडी, अंकाचा आयडी, लेखकाचा आयडी. डेटाबेसला ‘अनेकांचं अनेकांशी’ असं नातं कळतच नाही रे. त्याला कळतं एवढंच, की ही ओळ त्या ओळीकडे बोट दाखवते. दोन्हीकडे बोटं दाखवणारी ओळ मधे ठेवली, की झालं तुझं मेनी टू मेनी.

त्या टेबलावर जँगो एक अट घालून ठेवतो: अंक आणि लेखक ही जोडी एकदाच. आता विचार कर, एकाच अंकात एका बाईंची कथा आहे आणि चाळीस पानं पुढे त्यांचीच कविता. तू दोनदा अ‍ॅड म्हटलंस. दुसऱ्यांदा एररही आली नाही आणि ओळही पडली नाही. सगळं कसं शांत. तू भरलेल्या ४० अंकांत अशा किती कविता गडप झाल्या असतील, देव जाणे. नावांचा क्रम उलटसुलट येतो ही तुझी तक्रारही इथलीच. त्या टेबलात क्रम नावाचा रकानाच नाही, आणि ऑर्डरिंग दिलं नाही तर डेटाबेस मनाला येईल तसं वाढतो.

मग तुला वाटलं, हा लेखक आणि हा अनुवादक हे कुठे लिहायचं? लेखकाच्या टेबलात लिहिता येत नाही, कारण तोच माणूस दुसरीकडे स्वतःचं लिहितो. अंकातही लिहिता येत नाही. म्हणून थ्रू वाचलंस आणि लावायला गेलास. दिशा बरोबर होती. जँगोच्या कागदपत्रांत यासाठी बीटल्सचं उदाहरण आहे, पाहिलंस का? एक व्यक्ती, एक ग्रुप आणि मधे सदस्यत्व. रिंगो कधी आला, तर १६ ऑगस्ट १९६२. बोलावण्याचं कारण: नवा ड्रमर हवा होता. हे कारण ना रिंगोचं, ना बँडचं, ते दोघांच्या मधलं. त्याला राहायला मधेच खोली लागते. (जँगो हे नावच मुळी जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचं, तेव्हा उदाहरणात बँड येणारच. आणि ते जन्मलं कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत, २००५ साली सगळ्यांसाठी खुलं झालं. म्हणून साध्या मेनी टू मेनीचं त्यांचं उदाहरण लेख आणि प्रकाशनं असंच आहे. तुझ्या सूचीचं लांबचं घराणं समज.)

या बाबतीत मी स्वतः हात पोळून घेतलेत. बऱ्याच वर्षांपूर्वी एका क्लासची साईट केली होती. विद्यार्थी आणि बॅच, मधे साधं मेनी टू मेनी. पोरगं बॅच बदललं की फॉर्म सेव्ह व्हायचा, जुनी ओळ पुसली जायची आणि नवी पडायची. मार्चमध्ये एका पालकांनी विचारलं, ‘दिवाळीपर्यंत मुलगा सकाळच्या बॅचला होता, त्या फीचं काय?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलगा त्या बॅचला होता याचा पुरावाच मी पुसला होता. क्लासचे सर ज्याला पहिल्या दिवसापासून ‘अ‍ॅडमिशन’ म्हणत होते, त्या गोष्टीचं माझ्याकडे मॉडेलच नव्हतं. शब्द कानावर पडत होता आणि मी दोन फील्ड जोडत बसलो होतो.

म्हणून आता तुला विचारतो: अंक आणि लेखक यांच्या मधे काय आहे? अनुक्रमणिका उघडून बघ. मधे लेख आहे! कथा, कविता, ललित, मुलाखत, परिसंवाद, काय असेल ते. त्याला स्वतःचं शीर्षक आहे, पान आहे, प्रकार आहे. अंकाचा लेखकाशी थेट संबंधच नाही, संबंध आहे तो लेखामार्फत. तेव्हा लेख हे मॉडेल कर, त्यावर अंकाची फॉरिन की (अंकाकडे दाखवलेलं बोट) टाक, पान क्रमांक टाक. त्या बाईंची कथा एक ओळ, कविता दुसरी ओळ, प्रश्न मिटला.

पण परिसंवाद काढून बघ. सहा जण बोललेत आणि सातव्याने शब्दांकन केलंय. म्हणजे खरं मेनी टू मेनी अंकाजवळ नव्हतंच, ते एक पायरी खाली, लेख आणि व्यक्ती यांच्यात आहे. तिथे थ्रू लाव. मधल्या मॉडेलला मी ‘सहभाग’ म्हणेन. ‘लेख_व्यक्ती’ असलं नाव देऊ नकोस. असं जोडनाव सुचलं की समजावं, मधे काय आहे ते आपल्याला अजून कळलेलं नाही. सहभागात लेख, व्यक्ती, भूमिका (लेखन, अनुवाद, शब्दांकन, मुलाखत घेणं, चित्रं) आणि क्रम. एकमेव असण्याची अट लेख, व्यक्ती आणि भूमिका या तिघांवर मिळून घाल, कारण स्वतःच्या कथेला स्वतःच चित्रं काढणारे लोक असतात.

आणि एक रकाना आणखी, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: छापलेलं नाव. राम गणेश गडकरी घे. नाटकं स्वतःच्या नावाने, कविता गोविंदाग्रज म्हणून, विनोद बाळकराम म्हणून. माणूस एक, नावं तीन. तू व्यक्तीच्या टेबलात तीन ओळी केल्यास तर त्यांचं सगळं लेखन एकत्र कधीच दिसणार नाही. एकच ओळ करून सगळीकडे ‘राम गणेश गडकरी’ दाखवलंस तर सूची खोटं बोलेल, कारण पानावर तसं छापलेलंच नाही. टोपणनाव माणसाच्या ओळीवर ठेवून भागत नाही, कुठल्या लेखाला कुठलं नाव लावलं ते त्या त्या सहभागाच्या ओळीवरच लिहावं लागतं. शिरवाडकर आणि कुसुमाग्रज यांचंही तेच. हे तुझ्या ग्रंथपाल काकांना विचार, ते मान डोलावतील. त्यांच्या जुन्या कार्डांवर ‘पाहा’ लिहून हीच सोय केलेली असते.

आता शोधताना एक खड्डा आहे, त्यात मी पडलोय. समज काकांनी विचारलं, अमुक बाईंनी केलेले अनुवाद दाखव. तू एक फिल्टर लावलास की सहभागातली व्यक्ती म्हणजे या बाई, आणि त्याला साखळीत दुसरा फिल्टर जोडलास की सहभागातली भूमिका म्हणजे अनुवाद. यादीत असेही लेख येतील जिथे बाईंनी फक्त चित्रं काढलीत आणि अनुवाद भलत्याच कुणाचा आहे. कारण वेगवेगळ्या फिल्टरमध्ये जँगो सहभागाचं टेबल दोनदा जोडतो. एका ओळीने पहिली अट पाळली, दुसरीने दुसरी, लेख पास! दोन्ही अटी एकाच फिल्टरच्या कंसात लिही, मग त्या एकाच ओळीला लागू होतात. यात एरर येत नाही, यादी छान दिसते, म्हणून जास्त घातक.

नवी ओळ टाकताना सरळ सहभागाची ओळ तयार कर. जँगोच्या २०१९ सालच्या २.२ आवृत्तीपासून थ्रू असलं तरी अ‍ॅड चालतं, बाकीचे रकाने थ्रू डिफॉल्ट्समधून देता येतात, पण जोडी आधीच असेल तर नव्या भूमिकेसकट ते गप्प बसतं. आणि रिमूव्ह तर त्या व्यक्तीच्या त्या लेखातल्या सगळ्या भूमिका एका फटक्यात उडवतं. अ‍ॅडमिनमधली दोन खोक्यांची निवडपेटीही आता दिसणार नाही. तिच्या जागी इनलाइन (लेखाच्याच पानावर सहभागाच्या ओळी) टाक आणि व्यक्तीसाठी ऑटोकम्प्लीट दे, नाहीतर हजार नावांची यादी खाली ओढत बसशील. व्यक्तीच्या फॉरिन कीला कॅस्केड (व्यक्ती काढली की तिचे सहभागही जातात) नको, प्रोटेक्ट (सहभाग असेपर्यंत व्यक्ती काढू देत नाही) दे. एकच लेखक दोन स्पेलिंगने दोनदा पडणारच आहे. तेव्हा एकीचे सहभाग दुसरीकडे वळवायचे आणि मग रिकामी ओळ काढायची. प्रोटेक्ट असेल तर घाई केलीस तरी जँगो हात धरेल. अंकाचं पान उघडायला वेळ लागला तर प्रीफेच रिलेटेड (जोडलेल्या ओळी एकदम आणणं) आठव.

राहिला तुझा एरर. जुन्या फील्डला थ्रू लावणं म्हणजे जँगोच्या लेखी टेबल टाकून दुसरं घेणं, म्हणून तो नकार देतो. यातून वाट आहे: सेपरेट डेटाबेस अँड स्टेट वापरून त्याला सांगायचं की टेबल तेच आहे, फक्त आता त्याला मॉडेल म्हण. पण तुला त्या वाटेने जायचंच नाही, कारण तुझं जुनं टेबल चुकीच्या दोन गोष्टींना जोडतंय. त्याला हात लावू नकोस. लेख आणि सहभाग नवे कर, मायग्रेशन (मॉडेलमधले बदल डेटाबेसात उतरवणारी फाईल) चालव. मग एक रन पायथनचं मायग्रेशन (जुनी माहिती नव्या टेबलांत हलवणारा कोड) लिही: जुन्या प्रत्येक जोडीमागे बिनशीर्षकाचा एक लेख आणि त्याचा एक सहभाग. त्यात मॉडेल्स इम्पोर्ट करू नकोस, गेट मॉडेलने घे. जुन्या जोड्या आणि नवे सहभाग मोजून आकडा जुळला, की मगच जुनं फील्ड काढ. शीर्षकं मात्र अनुक्रमणिका समोर ठेवून हातानेच भरावी लागतील. तेव्हाच त्या हरवलेल्या कविताही सापडतील.

पहिला दिवाळी अंक १९०९ साली ‘मनोरंजन’ने काढला, तेव्हा काकांच्या कपाटात किती जुने अंक आहेत ते मला कळव. खूप जुने असतील तर लेखाच्या प्रकारांची यादी आत्ताच पक्की करू नकोस, वेगळं टेबलच कर.

मी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी येतोय. परिसंवाद असलेले दोनतीन अंक वाचनालयातून आणून ठेव, आपण बसून भरून बघू. आणि तोवर बॅकअप घेतल्याशिवाय मायग्रेट हा शब्द टाईपसुद्धा करू नकोस. वहिनींना सांग, चकल्या मागच्या वर्षीसारख्याच, जरा करपलेल्या चालतील.

तुझा,
दिल्या