वर्गात एआय वापरताना: सर्व शिक्षक सभासदांसाठी सूचना

सर्व शिक्षक बंधू-भगिनींना नमस्कार.

चाचणीच्या उत्तरपत्रिका एआयकडून तपासून घेणार असाल, तर फोटोत मुलाचं नाव, तुकडी, हजेरी क्रमांक दिसतोय का ते आधी पाहा. दिसत असेल तर तो भाग झाकूनच फोटो काढा. प्रगतिपुस्तक, आधार क्रमांक, आजारपणाची माहिती तर कधीच टाकू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. शिवाय चॅटजीपीटी १३ वर्षांखालच्यांसाठी नाही, त्यामुळे पाचवी-सहावीच्या मुलांना खातं उघडायला सांगू नये.

आणि कृपया, निबंध 'एआयने लिहिलाय' असं एखाद्या ॲपने दाखवलं म्हणून मुलाला वर्गासमोर उभं करू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतःचंच असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. मुलाला जवळ बोलवा, त्यातला एक परिच्छेद स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा. खोटा आळ मुलांच्या फार जिव्हारी लागतो.

एआयकडून काढलेली प्रश्नपत्रिका पाठ्यपुस्तकाशी ताडूनच छापायला द्या. कवींची नावं आणि सनावळ्या हमखास तपासा.