सायन्समध्ये ९८, पण बल्ब पेटेना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की तुमच्या पेपरात दोन-तीन दिवस नुसते फोटो असतात, शाळांचे, क्लासवाल्यांचे, पेढे भरवणाऱ्या आयांचे. ते बघायला मलाही आवडतं हे आधीच सांगते, कोणाच्या आनंदात मिठाचा खडा टाकायला हे पत्र लिहीत नाहीये. पण मी ठाण्यातल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून ३१ वर्षं काढली, मुलं मला लॅबच्या मावशी म्हणायची, टेस्ट ट्यूब धुवायच्या, स्पिरिटच्या दिव्यात स्पिरिट भरायचं, सर यायच्या आधी टेबलं लावून ठेवायची, हे माझं काम. शिक्षण माझं अकरावीपर्यंतच. पण मागच्या स्टुलावर बसून एकच तास चार तुकड्यांसाठी चार वेळा ऐकला, तोही ३१ वर्षं, तर दगडालासुद्धा थोडंफार कळायला लागेल.

तर आमच्या कळव्याच्या बिल्डिंगमधला एक मुलगा यंदा सायन्समध्ये ९८ मार्क घेऊन पास झाला. गुणी पोरगा आहे, नमस्कार करायला आला, पेढे आणले. मी सहज खिडकीबाहेरचा आंबा दाखवला आणि विचारलं, बाळा, एवढं मोठं झाड, एवढं लाकूड, हे सगळं आलं कुठून? म्हणाला मातीतून मावशी, मुळं शोषून घेतात ना. मी म्हटलं मग झाडाभोवती खड्डा का नाही पडला? तो गप्प. प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण विचारलं तर धडाधड म्हणून दाखवलं, सहा कार्बन डायऑक्साइड अधिक सहा पाणी वगैरे, बॅलन्ससकट, पण त्या समीकरणाचा समोरच्या आंब्याशी काही संबंध आहे हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आमच्या शाळेतले एक जुने सर (आता नाहीत) हे फार छान सांगायचे. बेल्जियमकडचा हेल्मोंट नावाचा माणूस होता, त्याने कुंडीत साधारण ९० किलो वाळवलेली माती घेतली, त्यात सव्वादोन किलोचं विलोचं रोप लावलं, पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं ७६-७७ किलोचं आणि माती परत वाळवून वजन केली तर कमी झाली जेमतेम ५०-६० ग्रॅम. हे १६४८ साली त्याच्या मरणानंतर छापून आलं. गंमत पुढेच आहे, त्याने निष्कर्ष काढला की झाड सगळं पाण्याचंच बनलं, आणि तो चुकला! ज्या माणसाने जगाला गॅस हा शब्द दिला, कोळसा जाळल्यावर निघणारा वायू (म्हणजे आपला कार्बन डायऑक्साइड) ओळखला, त्यालाच हे सुचलं नाही की तोच वायू हवेतून झाडात जातोय. हवेत कार्बन डायऑक्साइड केवढा, तर दहा हजार भागांत चार भाग, आणि तेवढ्यातून हा आंबा उभा राहिला. मी हे सांगितलं तेव्हा त्या पोराचे डोळे असे मोठे झाले, म्हणाला म्हणजे मावशी लाकूड हवेतून येतं? मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. पण त्याची आई म्हणाली, मावशी, हे पोर्शनला नव्हतं हो.

हेच तर माझं म्हणणं आहे की जे पोर्शनला आहे तेच आपण पोर्शनला नसल्यासारखं शिकवतो आणि तसंच तपासतो.

मग मला खाजच सुटली. मे महिन्यात बिल्डिंगमधली आठवी नववी दहावीची मिळून अकरा मुलं गोळा केली आणि प्रत्येकाला एक सेल, टॉर्चचा एक छोटा बल्ब आणि वायरचा एकच तुकडा दिला, म्हटलं पेटवा. (हे बल्ब आता मिळत नाहीत, सगळीकडे एलईडी झालेत, स्टेशनजवळ तीन दुकानं पालथी घातली, तिसरा दुकानदार हसला आणि आतून धूळ बसलेला खोका काढून अख्खा खोकाच मला देऊन टाकला.) अकरातल्या आठ जणांनी वायरचं एक टोक सेलच्या वरच्या टोकाला लावलं, दुसरं बल्बच्या बुडाला, आणि बघत बसले. दोघांनी बल्ब खराब आहे असं जाहीर करून टाकलं. व्ही बरोबर आय आरची (व्होल्टेज, करंट आणि रोध यांची) गणितं यातले निम्मे तोंडी सोडवतील. बल्बला दोन ठिकाणं असतात, एक बुडाचा टिपका आणि एक बाजूची धातूची कडा, आणि करंट एकातून आत जाऊन दुसऱ्यातून बाहेर आला पाहिजे, मार्ग पुरा झाला पाहिजे, हे कोणी हातात धरून बघितलंच नव्हतं. पेटवला कोणी, तर आठवीतल्या एका मुलीने, ती वडिलांबरोबर गणपतीत लायटिंगच्या माळा दुरुस्त करते.

आता मला माहितीये लोक म्हणतील की प्रॅक्टिकल असतं की शाळेत. असतं ना. दहावीला विज्ञान भाग १ चे ४० मार्क, भाग २ चे ४० आणि प्रात्यक्षिकाचे २०, आणि हे २० शाळेच्याच हातात. तर मग आज खरं सांगते, आता रिटायर झाले, कोण काय करणार. आमच्याकडे १८ च्या खाली कोणाला मार्क पडलेले मी बघितले नाहीत. जर्नल एकाचं सगळे उतरवायचे, एकदा तर एकाने दुसऱ्याच्या नावासकट उतरवलं होतं. आणि ऐन परीक्षेत पोरगं घाबरून लिटमस हातात धरून उभं राहिलं की मीच मागून जाऊन हळूच सांगायचे, निळ्याचा लाल झाला ना मग अॅसिड लिही. कितीदा तर लिटमस इतका जुना असायचा की काही व्हायचंच नाही, तरी सगळ्यांच्या पेपरात निळ्याचा लाल झालेला असायचा. मला तेव्हा वाटायचं मी पोरांचं भलं करतेय. जे डोळ्यांना दिसलं ते लिहायचं नाही, पुस्तकात आहे ते लिहायचं, हे मी त्यांना शिकवलं, सरांनी नाही.

लेखी पेपरचं वेगळंच. त्यात शास्त्रीय कारणे लिहा असा प्रश्न असतो, कोणी काढला असेल त्याचा हेतू चांगलाच असणार, मुलाने विचार करावा. पण ती कारणंही ठरलेली. थंड प्रदेशात जलवाहिन्या फुटतात, शास्त्रीय कारण लिहा. ठाण्याचं पोर लिहितं, पाण्याचे असंगत आचरण, चार अंश सेल्सिअस, आकारमान वाढते (म्हणजे त्याहून गार झालं की पाणी आकसायच्या ऐवजी फुगतं). अहो आमच्याकडे पाइप फुटतो तो खोदकामाने. त्याला विचारा ना की काचेची बाटली काठोकाठ भरून फ्रीझरमध्ये ठेवली तर आई का ओरडते. वाफेचंही तसंच, पाठ असतं की एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते, पण इडलीपात्राचं झाकण उघडताना हात भाजला की ही तीच ५४० आहे हे कळत नाही. तेच उकळतं पाणी अंगावर पडलं तर शरीराच्या तापमानाला येईपर्यंत ग्रॅमला ६०-६५ कॅलरी देतं, वाफ आधी ५४० देते आणि वर हे ६० पण देते, म्हणून वाफ जास्त भाजते. एवढं गणित सातवीतलं मूल करेल, पण त्याला कोणी विचारत नाही.

हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल का होतो आणि लिंबू पिळल्यावर परत पिवळा का, हे विचारा. ऐरोली पुलावरून जाताना खारफुटीची मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली दिसतात, झाडाचं मूळ खाली जायचं सोडून वर कशाला येतं, हे विचारा (चिखलात हवा नाही म्हणून, ती श्वास घेणारी मुळं आहेत). जीवशास्त्र रसायन भौतिक सगळं इथेच पडलंय, कळव्यापासून वाशीपर्यंत खाडीच्या काठाने. अर्थात यातला एक प्रश्न बोर्डाला आला की पुढच्या वर्षी गाइडमध्ये उत्तरासकट छापून येईल आणि दहा वेळा लिहून आणा असा होमवर्क मिळेल, ते मला कळतंय, म्हणून प्रश्न दरवर्षी बदलले पाहिजेत.

माझा भाचा नेरुळला कॉलेजात शिकवतो, तो सांगत होता की पिसा नावाची १५ वर्षांच्या मुलांची जगभर परीक्षा असते, घोकलेलं न विचारता वापरता येतं का हे बघणारी, त्यात २००९ च्या फेरीत आपली तमिळनाडू आणि हिमाचल ही दोन राज्यं उतरली आणि ७४ देश-प्रदेशांत शेवटून दुसरी तिसरी आली. मग २०१२, २०१५, २०१८ ला आपण गेलोच नाही. प्रश्न आपल्या मुलांच्या ओळखीचे नव्हते म्हणे. अहो पण ताप आला म्हणून कोणी थर्मामीटर फेकून देतं का?

मागणी माझी लहानशीच आहे. लेखी राहू दे जसं आहे तसं. पण त्या २० पैकी निदान १० मार्क खऱ्या परीक्षेचे करा, मुलाच्या हातात वस्तू द्या, दहा मिनिटं द्या, काय केलंस आणि काय दिसलं ते सांग म्हणा, आणि चुकीचा अंदाज बांधला पण दिसलं ते खरं सांगितलं तर मार्क द्या. परीक्षक दुसऱ्या शाळेचा. बारावी सायन्सला बाहेरचे परीक्षक येतातच ना, मग दहावीला ठाण्याच्या शाळेत कळव्याचे सर आणि कळव्याला ठाण्याच्या बाई गेल्या तर काय बिघडलं. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेला सहावी नववीची पोरं लेखी झाल्यावर प्रॅक्टिकल देतातच, क्लासवाले त्याचीही तयारी करून घेतात तो भाग निराळा, पण निदान हातात वस्तू तर घेतात.

सगळ्या शाळांत लॅब नाही, बरोबर. शिक्षकांना इलेक्शनची कामं, जनगणनेची कामं, ऑनलाइन माहिती भरायची कामं, तेही बरोबर, मी डोळ्यांनी बघितलंय, बाई प्रयोग दाखवता दाखवता फॉर्म भरायच्या. पण सेल, बल्ब, वायर, हळद, लिंबू, चुन्याची निवळी याला लॅब लागत नाही. चुना तर पानाच्या टपरीवर मिळतो, रात्री पाण्यात कालवून ठेवा, सकाळी वरची निवळी घ्या, स्ट्रॉने फुंका, दुधाळ होते. आणि फुंकतच राहिलं तर परत स्वच्छ होते, हे माझ्या ३१ वर्षांत फक्त तीन मुलांनी बघितलं, कारण बाकीच्यांनी दुधाळ झाल्या झाल्या वहीत लिहून टेस्ट ट्यूब खाली ठेवली.

माझ्याकडे त्या खोक्यातले चाळीसेक बल्ब अजून आहेत, तीन सोडून सगळे पेटतात, तपासलेत. कळव्या-ठाण्यातल्या कुठल्या शाळेला पाहिजे असतील तर फुकट देईन, फक्त मुलांनी पेटवताना मला मागच्या स्टुलावर बसू द्या.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा परिचर, कळवा (ठाणे)